एकाचा नऊ

आमच्या हेडमास्तरांचं दार वाजवलं की आतून प्रश्न यायचा, "कोण?" यात काही नवल नाही, सगळेच विचारतात. पण "मी" असं सांगितलं की आतून दुसरा प्रश्न यायचा, "मी कोण?" मग आपलं नाव सांगायचं. मग वडिलांचं. मग गाव. एवढं झाल्यावर कडी निघायची आणि समोर हसरा चेहरा, "या, या! आवाजावरून वळखलं होतं मी तुमाला." ओळखलं होतं तर एवढी उलटतपासणी कशाला, असं मी एकदा वैतागून विचारलं. ते म्हणाले, "आवाजावरून वळखनं येगळं आनि बराबर वळखनं येगळं, मास्तर."

हा कायदा त्यांच्या बायकोलाही लागू होता. एकदा मी त्यांच्या ओसरीवर वाट बघत बसलो होतो. बाई विहिरीवरून डोक्यावर हंडा, काखेत कळशी अशा आल्या आणि पायानंच दार ढकललं. आतून आलंच, "कोण?"

"मी."

"मी कोण?"

बाईंनी हंडा खाली न ठेवता सांगितलं, "जिला तुमी तीस वर्सं झाले ह्योच सवाल इचारून राहिले, ती." कडी लगेच निघाली.

त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं मास्तरकी केली. उंच, किडकिडीत माणूस. चैत्राच्या उन्हातही कोटाची वरची गुंडी लावलेली असायची. शिक्षण सगळं निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. घर मराठी आणि शाळा उर्दू, त्यामुळे बेरीज तोंडातल्या तोंडात उर्दूत चालायची आणि उत्तर फळ्यावर मराठीत उमटायचं. रागावले की पूर्ण उर्दूत बोलायचे, आणि तेही इतकं अदबीनं, की हेडमास्तर रागावलेत हे पोरांच्या गावीही नसायचं. पहिलीतल्या शेंबड्या लेकरालासुद्धा अहोजाहो. "तुमी आधी नाक पुसा, मंग पाढा म्हना." गावातली माणसं याला हसायची. पण त्या शाळेत पाटलाचं पोरगं 'तुमी' होतं आणि बौद्ध वस्तीतलं पोरगंही 'तुमी'च होतं. रुजू झालो त्याच दिवशी मला ते दिसलं आणि माझा बराचसा धीर चेपला.

मला धीराची गरज होती. मी आखाडा बाळापूरकडचा. माझा बा बाजारात पोती उचलायचा, आणि आमच्या बौद्धवाड्यात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा मी पहिलाच. नोकरी तात्पुरती होती. नेमणुकीच्या कागदावर एक वाक्य होतं, की कोणतेही कारण न देता सेवा समाप्त करण्यात येईल. ते वाक्य मला पाढ्यासारखं पाठ होतं. शाळेत खडू जास्त झिजला तरी मला वाटायचं, आता हेच कारण होणार.

हेडमास्तरांना वर्गातल्या हजेरीचं फार वेड. पोरांची एक ठरलेली लबाडी असते. मित्र आला नसेल तर त्याच्या नावाला आपणच 'हजर' म्हणून ओरडायचं. मग तो मित्र धापा टाकत येतो, तर त्याची हजेरी आधीच लागलेली. दुसरा कोणी मास्तर असता तर दोघांच्याही कानाखाली आवाज निघाला असता. यांनी काय केलं? हजेरीपुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान घेतलं, वर लिहिलं 'नंतर आलेले खरे', आणि उशिरा आलेल्या पोराची त्यावर सही घेतली. वरची हजेरी खोडली नाही, नवी लावली नाही. फक्त खरा आला होता, याची नोंद. पोरांना त्या पानाचा इतका मान वाटू लागला की ती मुद्दाम उशिरा यायला लागली. चौथीचा अर्धा वर्ग 'नंतर आलेले खरे' व्हायला लागला तेव्हा कुठे ते पान बंद पडलं.

ही कल्पना त्यांच्या डोक्यातली नव्हती. ती निवडणुकीच्या पुस्तिकेतली होती.

मतदान केंद्राचा अध्यक्ष म्हणून ड्यूटी लागली की सरकारकडून एक पुस्तिका मिळते. बाकीचे अध्यक्ष ती आदल्या दिवशी चाळतात आणि चुकलं तर तहसीलदार बघून घेतील म्हणून पिशवीत टाकतात. हेडमास्तरांनी बायकोकडून तिला जुन्या खणाचं कव्हर शिवून घेतलं होतं. चहा पिताना ती वाचायचे. त्यात एक कलम होतं, ते त्यांचा जीव की प्राण. कलम असं, की समजा तुम्ही मत द्यायला गेलात आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय. तरी तुम्हाला हाकलायचं नाही. चार प्रश्न विचारायचे, तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री करायची, आणि गठ्ठ्यातली अगदी शेवटची मतपत्रिका काढायची. तिच्या पाठीवर अध्यक्षानं स्वतःच्या हातानं 'प्रदत्त मतपत्रिका' असं लिहायचं, सही करायची, आणि ती तुम्हाला द्यायची. तुम्ही तिच्यावर शिक्का मारायचा. पण ती पेटीत जात नाही. ती वेगळ्या पाकिटात जाते आणि मोजणीच्या दिवशीही ते पाकीट बंदच राहतं. कुणी कोर्टात गेलं आणि कोर्टानं मागितलं, तरच ते उघडायचं.

"सरकारनं लिव्हलेलं समद्यात शरीफ कलम हाय हे," ते म्हणायचे. "ह्यात सरकार म्हनून राहिलं, की बाबा, आमचंच चुकलं असंल. दुसऱ्या कोन्या कागदावर सरकार असं म्हनलेलं दावा मला."

तहसीलला निवडणुकीचं प्रशिक्षण असलं की हे पहिल्या बाकावर. शिकवणारे साहेब पेटीचं सील कसं लावायचं ते दाखवून संपवायच्या बेतात असायचे, घड्याळाकडे बघायचे, आणि हे हात वर करायचे. मागून शंभर मास्तरांचा एकच सुस्कारा. प्रश्न ठरलेला, प्रदत्त मतपत्रिकेचा. एकदा साहेब म्हणाले, "गुरुजी, तसं कधी होत नाही हो." हे उभ्या उभ्या म्हणाले, "व्हत न्हाई म्हनून तर इचारून राहिलो साहेब. जे व्हतं ते समद्यांनाच येतं."

गंमत म्हणजे त्यांनी इतक्या निवडणुका केल्या आणि एकदाही प्रदत्त मत आलं नाही. शेवटी प्रदत्त मतांचा एक तक्ता भरून द्यायचा असतो. त्यात काहीच नसलं की आडवं 'निरंक' लिहायचं. बाकीचे अध्यक्ष 'निरंक' लिहिताना सुटल्यासारखे हसायचे. हे मात्र खट्टू होऊन लिहायचे.

आता त्या दिवसाकडे येतो.

आणीबाणी उठून गेल्यावरची विधानसभेची निवडणूक होती. तेव्हा हिंगोली म्हणजे परभणी जिल्ह्यातला एक तालुका. आम्हा दोघांची ड्यूटी नरसीच्या अलीकडच्या एका गावात लागली. ते केंद्राध्यक्ष, मी पहिला मतदान अधिकारी. म्हणजे मतदारांची यादी माझ्यासमोर. माणूस आला की चिठ्ठीवरचा नंबर बघायचा, यादीत नाव शोधायचं, मोठ्यानं वाचायचं आणि लाल शाईनं नावाखाली रेघ मारायची. बाई असली तर रेघेशिवाय बाजूला एक खूणही करायची. नोकरीच्या भीतीनं मी घरून फूटपट्टी नेली होती आणि प्रत्येक रेघ पट्टीनं मारत होतो. रांगेतला एकजण म्हणालासुद्धा, "गुर्जी, शेताचा बांध आखून राहिले काय?"

पण त्या गावात खरी पंचाईत वेगळीच होती. संत नामदेवांची नरसी एवढी जवळ, म्हणून गावातला दर तिसरा पुरुष नामदेव. आडनावही एकच, कारण अर्धं गाव एकाच भावकीचं. त्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "नवऱ्याचं नाव?" विचारलं की बाई तोंडाला पदर लावायची आणि नरसीच्या दिशेला हनुवटी उडवायची. मागची बाई सांगायची, "देवाचं नाव हाय वो त्याचं." मी नामदेव शोधायला घ्यायचो. सकाळपासून किती नामदेव सापडले याची गणती नाही.

दुपारी एकच्या सुमारास रांग ओसरली. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, तुमी भाकर खाऊन घ्या. तवर यादीवर मी बसतो." मी शाळेमागच्या लिंबाखाली भाकर आणि ठेचा खाल्ला, हात धुतले, पंधरा-वीस मिनिटांत परत आलो. ते उठले, मी बसलो. त्यात काही लक्षात ठेवण्यासारखं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही.

तीन वाजता एक म्हातारी आली. साठीच्या पुढची, धुवट लुगडं, शेतातल्या आखाड्यावरच्या घरून पायी चालत आलेली. चिठ्ठीवर नंबर २४९. मी यादीत बघितलं. गयाबाई, नवऱ्याचं नाव नामदेव. नावाखाली लाल रेघ, बाजूला खूण.

"मावशी, तुमचं मत झालंय," मी म्हणालो.

"कवा झालं?"

"सकाळपासून कधीतरी. यादीत खूण आहे."

म्हातारीनं पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात माझ्यासमोर पसरले, दहाच्या दहा बोटं. "शाई कुटं हाय? दाव! दाव ना मला!"

एकाही बोटाला शाई नव्हती. मी परत यादीत बघितलं, रेघ तिथंच होती.

भिंतीकडच्या बाकावर दोन पक्षांचे दोन पोलिंग एजंट बसले होते. दिवसभर एकमेकांकडे बघतही नव्हते, पण आता दोघंही एकदम उठले. त्यांच्या याद्यांतही २४९ ला खूण होती, कारण मी वाचलं की तेही खूण करायचे. त्यातला जाड्या मिशांचा एजंट म्हणाला, "नवशिके मास्तर बसवले की असंच व्हनार." मग माझ्याकडे न बघता, बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलला, "ह्यायच्या हातात यादी देल्यावर दुसरं काय व्हनार?"

'ह्यायच्या' म्हणजे कुणाच्या, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रांगेलाही नव्हती.

बाहेर गलका वाढला. म्हातारी दारात उभी राहून सांगत होती, की ती तीन कोस चालत आली आणि हे तिला खोटी म्हणून राहिले. पोलीस काठी घेऊन दारात आला. कुणी म्हणालं लेखी तक्रार करा, कुणी म्हणालं मतदान बंद पाडा. माझ्या डोळ्यांसमोर एकच वाक्य नाचत होतं, कोणतेही कारण न देता. इथे तर कारणही होतं. सकाळपासून तीनशेच्या आसपास रेघा मी मारल्या होत्या, त्यातली एक चुकीच्या बाईखाली गेली. बाला काय सांगायचं, एवढाच विचार मी करत होतो.

दुसऱ्या एजंटानं तोड काढली. यादी चाळून तो म्हणाला, "साहेब, हे पहा, २४१ बी गयाबाई नामदेवच हाय. तिच्या खाली रेघ न्हाई. म्हातारीला त्या नंबरावर मत देऊ द्या. आकडा बी जुळतो, कटकट बी मिटते. आमची ना न्हाई." मिशीवाल्यानंही मान हलवली. मी तर बुडता बुडता हाताला काही लागल्यासारखा उठलोच. "सर, तेवढं करून टाकू," मी हळूच म्हणालो. माझा आवाज रडवेला झाला होता आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. मी खरंच घाबरलो होतो.

हेडमास्तर खुर्चीवरून उठले नाहीत. "गयाबाईला गयाबाईच्या नंबरावर बसवू? आनि उद्या कोन्या साहेबानं ह्यो कागद काढला, तर ही बाई कोन ठरली?"

दुसऱ्या एजंटानं आपली यादी मिटली.

"खोटी ठरली," ते म्हणाले. "यादी आना हिकडं."

मी यादी नेऊन दिली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ. चष्मा काढला, कोटाच्या बाहीनं पुसला, परत घातला. २४९ वर बोट ठेवून ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग सकाळपासून जमा झालेल्या चिठ्ठ्यांचा ढीग पुढ्यात ओढून त्यांनी एक चिठ्ठी शोधून काढली आणि तीही बघितली. मला वाटलं, आता माझं नाव घेणार.

ते उठले. कोटाची गुंडी आधीच लावलेली होती, तरी परत चाचपली. दारात गेले. गलका जरा थांबला. वर्गाला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात ते म्हणाले, "ऐका. चुकी माझी हाय. दुपारी हे मास्तर भाकर खायला गेल्ते, तवा यादीवर मी बसलो होतो. कडेवर लेकरू घेतलेली एक पोरगी आल्ती. तिची चिठ्ठी २४१ ची. मी २४९ वाचलं. रेघ माझ्या हातची हाय. हिच्यात ह्या मास्तरांचा काही कसूर न्हाई."

मग ते आत आले आणि मिशीवाल्या एजंटासमोर यादी धरली. "पहा. ह्यायच्या समद्या रेघा पट्टीच्या हायत. ही एकच बिनपट्टीची. आनि हिची सुरुवात उजवीकून हाय. पट्टीबिगर मी रेघ मारली की उजवीकूनच निघते."

मी वाकून बघितलं. खरंच, माझ्या सगळ्या रेघा सरळ होत्या. ही एक जराशी वाकडी, उजव्या टोकाला शाईचा ठिपका, डावीकडे बारीक होत गेलेली. आणि चूक कशी झाली तेही त्यांनी सांगितलं. आपला मराठी एक आणि उर्दूतला नऊ दिसायला जवळजवळ सारखेच. लहानपणी ज्या डोळ्यांनी उर्दूतला नऊ वाचला, त्याच डोळ्यांनी पुढं तीस वर्षं मराठी एक वाचला. जागेपणी बरोबर वाचतात, पण दुपारची सुस्ती आली की डोळे परत निजामाच्या शाळेत जातात. चिठ्ठीवरचा एक त्यांना नऊ दिसला, आणि तिथेही नेमकी गयाबाई नामदेवच निघाली. एकाचा नऊ झाला आणि माझ्या नाकी नऊ आले होते.

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्यांचं काही वाटलं नाही, त्यांच्यावर काय येईल हे मनातही आलं नाही. मी सुटलो, एवढंच वाटलं. मी जाऊन बाकावर बसलो. मिशीवाला एजंट खिडकीतून बाहेर बघत होता.

मग हेडमास्तरांनी म्हातारीला समोर बसवलं. नाव, गाव, भाऊबंद, घर कुठल्या आळीत, सगळं विचारलं. नवऱ्याच्या नावाला तिनं नरसीकडे हनुवटी उडवली, ते त्यांनी मान्य केलं. पोलीस पाटलानं ओळख पटवली. मग त्यांनी शेवटचा गठ्ठा काढला, त्यातली शेवटची मतपत्रिका वेगळी केली आणि तिच्या पाठीवर लिहायला घेतलं, 'प्रदत्त मतपत्रिका'. इतकं सावकाश, इतकं वळणदार, की बाहेरचे लोक खोकायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते शब्द लिहायची वेळ आली होती, आणि आली ती त्यांच्याच चुकीनं. खाली सही करून त्यांनी शाईवर फुंकर घातली.

म्हातारी आडोशाला गेली, शिक्का मारून आली आणि थेट पेटीकडे निघाली. हेडमास्तरांनी पाकीट पुढं केलं. "ह्यात टाका, बाई."

"पेटीत न्हाई?"

दुसरा एजंट तिला समजवायला गेला. "मावशे, हे परदत्त मत हाय. ते येगळं असतं."

"दत्ताचं?"

"परदत्त."

"म्हंजे दत्ताचंच की." म्हातारीचा चेहरा एकदम निवळला. तिनं मतपत्रिका कपाळाला लावली आणि पाकिटात सोडली. "दत्ताला गेलं तर बेस झालं. मानसायला देऊन काय भलं झालं आजवर?"

रांगेतली माणसं हसली. पोलीस हसला. एजंटांनी एकमेकांकडे बघून विड्या काढल्या. मीही मोकळा श्वास घेतला. भांडण मिटलं, म्हातारी खूश, तक्रार नाही, काही नाही. आता ती घरी जाईल आणि आम्ही पाच वाजेपर्यंत सुखानं बसू.

हेडमास्तर म्हणाले, "न्हाई, बाई."

मला वाटलं, या माणसाच्या पाया पडावं आणि गप्प बसायला सांगावं.

"दत्ताला न्हाई गेलं," ते म्हणाले. "खोटं सांगनार न्हाई मी तुमाला. तुमचं हे मत मोजनार न्हाईत. तुमच्या नावावर ती दुसरी मत देऊन गेली, ते पेटीत पडलं. पेटीला सील हाय, त्यातून मला काही काढता येत न्हाई. हा लिफाफा असाच बंद राहील. कोनी कोर्टात गेलं आनि जज साहेबानं मागितला, तरच उघडंल. न्हाई गेलं, तर कवाच न्हाई."

म्हातारीचा चेहरा परत बदलला. "मंग घेता काहून?"

हेडमास्तरांना कलम पाठ होतं, पण याचं उत्तर कलमात नव्हतं.

"तुमी आल्त्या, त्याच्यासाठी," ते म्हणाले. "तुमी आल्त्या, तुमी त्याच गयाबाई हायत, आनि चुकी आमची हाय. हे कागदावर राहतं."

"मी खोटी न्हाई असं लिव्हलंय?"

"लिव्हलंय."

"वाचा मला."

त्यांनी तक्ता उचलला आणि वाचायला सुरुवात केली. यादीचा भाग, अनुक्रमांक, नाव, सगळं. नवऱ्याच्या नावाला म्हातारीनं डोक्यावरचा पदर नीट केला. ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचून थांबले. म्हातारीनं शाईत अंगठा बुडवला आणि त्यांनी दाखवलेल्या जागी दाबून धरला, जरा जास्तच वेळ. मग पिशवी उचलली. दारातून बाहेर पडताना रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी खोटी न्हाई. लिव्हलंय त्यायनं." आणि शेताकडे निघून गेली.

त्या निवडणुकीत जो निवडून आला तो इतक्या मतांनी आला की कुणी कोर्टाची पायरी चढायचं कारणच नव्हतं. पाकीट बंद राहिलं. पुढं हेडमास्तरांना खुलासा मागणारं पत्र आलं. पेट्या जमा करताना तिथला कारकूनही त्यांना म्हणाला होता, "गुरुजी, कशाला लिहिलं? निरंक टाकून मोकळं व्हायचं." त्यांनी खुलासा दोन ओळींत पाठवला, की एक हा अंक नऊ असा वाचला, वय झाले आहे. प्रकरण तिथंच मिटलं. दोन वर्षांनी ते नीट निवृत्त झाले. त्यांच्यावर काही आलं असतं तर ते मला आयुष्यभर खात राहिलं असतं, तेही टळलं.

पण मला सांगायचंय ते पेट्या जमा केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. हिंगोलीच्या बसस्टँडजवळ आम्ही चहा पीत उभे होतो. मी त्यांचे आभार मानायला सुरुवात केली. म्हणालो, "सर, तुम्ही काल मला वाचवलंत."

त्यांनी बशी खाली केली. "काय केलं मी?"

"वाचवलंत."

"मुळीच न्हाई. रेघ माझी होती म्हनून माझी म्हनालो. तुमची असती तर त्याच दारात उभा राहून, त्याच आवाजात तुमचं नाव घेतलं असतं. बराबर का न्हाई?"

बराबर होतं. मी हसायला लागलो. ते, का हसता, म्हणून बघत राहिले. मला कसं सांगावं ते कळेना. लहानपणापासून मला लोकांनी पुष्कळ वेळा सोडून दिलं होतं. जाऊ द्या, लेकरू हाय. जाऊ द्या, ह्यायला काय कळतं. दर वेळी सुटलो, पण चूक माझ्याच अंगावर ठेवून सुटलो. या माणसानं मला सोडून दिलं नव्हतं. माझी चूक नव्हती, म्हणून त्यानं तसं सांगितलं होतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी बाळापूरला गेलो. बा भुसाराच्या दुकानापुढे पोत्याला टेकून बसला होता. मी त्याला झालेलं सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि पायाचा अंगठा चोळत होता.

"मंग सायबानं संभाळून घेतलं म्हन की," तो म्हणाला. "मोठ्या मनाचा मानूस."

"न्हाई बा. संभाळून न्हाई घेतलं. माझी चूकच नव्हती."

"व्हय, पर माफ तर केलं?"

"माफ कशाचं करनार? चूकच नव्हती ना माझी."

बानं अंगठा चोळायचं थांबवलं. "आनि हे त्यायनं सांगितलं? लोकायच्या समोर?"

"समद्यायच्या समोर. दारात उभं राहून."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

बा उठला, अंगावरचा भुसा झटकला आणि समोरच्या गाडीवरून पोती उतरवणाऱ्या आपल्या जोडीदाराला हाक मारली. तो पाठीवरचं पोतं टाकून घाम पुसत आला. बानं त्याला हाताला धरून माझ्यासमोर बसवलं आणि मला म्हणाला, "ह्याला बी सांग. पहिल्यापासून सांग."